मोहाडीच्या स्टँडवरची नायिका

वाट पाहण्याची जर कुठे परीक्षा असती, तर आमचे थोरले मेव्हणे अख्ख्या भंडारा जिल्ह्यात पहिले आले असते, आणि निकाल लागून गेल्यावरही तो अजून लागायचाच आहे अशा चेहऱ्यानं तिथंच बसून राहिले असते. मेव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मोठे भाऊ. देह असा, की ऑटोत एका कडेला बसले तर दुसऱ्या कडेचा प्रवासी आपोआप वर उचलला जातो. मिशा झुबकेदार, पोट स्वतंत्र विचारांचं, आणि काम? काम कथक नाचणं आणि नाचवणं. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी मेव्हण्यांच्या पोटाकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि मी थट्टा करतो आहे असं समजून हसतो. मी हसू देतो. कारण मला ठाऊक असतं, की याच माणसानं त्यांना सतरंजीवर बसून ती एक ओळ करताना पाहिलं, तर त्याला त्या दिवशी जेवण जाणार नाही.

हा नाद त्यांना कसा लागला याच्या आमच्या घरात बऱ्याच कथा आहेत आणि सगळ्या त्यांनीच पसरवलेल्या आहेत. खरी एवढीच, की तरुणपणी आयटीआय करतो म्हणून घरून निघालेला हा पोरगा रेल्वेत बसला तो थेट रायगडला, किल्ल्याच्या नव्हे, कथक घराण्याच्या रायगडला उतरला, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गुरूंच्या दारात जाऊन बसला. गुरूंनी म्हणे बरेच दिवस आत बोलावलंच नाही. 'तेच पयलं शिक्षण होतं, जवाईबापू,' मेव्हणे मिशीवरून हात फिरवत सांगतात, 'गुरुजी आतून पाहून राहिले होते, पोट्टा वाट कसा पाहते म्हणून.' पुढे पत्ता लागल्यावर आमचे सासरे हातात काठी घेऊन त्याला आणायला गेले. ते पोचले तेव्हा पोरगा पायात घुंगरू बांधून जागच्या जागी गरगर फिरत होता. फिरणं थांबलं की हाणायचं, असं ठरवून सासरे काठी सरसावून उभे राहिले. फिरणं थांबलं तेव्हा सासऱ्यांनाच घेरी आलेली होती, असं सासूबाई सांगत. गुरूंनी त्यांना पाणी पाजलं, जेवू घातलं, आणि सासरे एकटेच परत आले. गावात कोणी विचारलं तर म्हणायचे, 'पोरगं फिटर होऊन राहिलं.'

फिटर होऊन परत आल्यावर त्यांनी काही काळ एका राईस मिलमध्ये नोकरीही केली. पण ती सोडली. का सोडली, तर मशीनचा पट्टा तालात फिरत नव्हता. 'साडेसात मात्रांत फिरते तो, जवाईबापू. अशा जागी माणूस किती दिवस काढन?' मालकानं पगार वाढवून देतो म्हटलं, तर यांनी सांगितलं, पगार राहू द्या, पट्टा बदला. मग घरामागच्या धान ठेवायच्या खोलीत क्लास सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. सुगीच्या दिवसांत अर्ध्या खोलीत पोती आणि अर्ध्या खोलीत पोरी असतात. घरची शेती धाकटा भाऊ पाहतो आणि थोरल्याचं नाव निघालं की आभाळाकडे पाहतो.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे कोणाच्याही घरात ते मधल्याच वेळी पाऊल टाकत नाहीत. आत बोलणं चालू असलं तर उंबऱ्याबाहेर उभे राहून मान डोलवत समेची वाट पाहतात. सम म्हणजे तालाचं ते ठिकाण, जिथं नाचणारा, तबला आणि पेटी सगळे एकदम येऊन मिळतात. एका सकाळी मी आणि बायको कडाक्याचं भांडत होतो. विषय आता आठवत नाही, बहुतेक तिच्या माहेराचाच असावा. मेव्हणे बाहेर थांबलेले आम्हाला माहीतच नाही. भांडण चढत चढत गेलं आणि मी हातातला स्टीलचा गिलास जमिनीवर आपटला, तशी बाहेरून 'हां!' अशी दाद आली आणि मेव्हणे आत येत म्हणाले, 'आली बावा एकदाची सम. चहा मांड गं.' असल्या माणसासमोर भांडायचं तरी कसं?

आता त्या ओळीचं सांगतो. मी मोहाडीत कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. भजनी मंडळात पेटी वाजवतो, एवढाच माझा कलेशी संबंध. लग्नात जावयाला सासुरवाडीकडून काय काय मिळतं. मला एका ठुमरीची एक ओळ मिळाली. मेव्हण्यांना पेटी वाजवणारा हवाच होता, आणि बहिणीसाठी स्थळ पाहायला आले तेव्हा त्यांनी माझी शेतीवाडी, दुकान, काही म्हणजे काही विचारलं नाही. फक्त विचारलं, 'एकच ओळ किती वेळ वाजवू शकता?' मी फुशारकीनं म्हणालो, सांगाल तितका वेळ. ते त्यांनी मनावर घेतलं. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की बाई आपल्या सखीला सांगते, दार लावू नकोस, यायचा आहे कोणी. बस. पुढे काही नाही. तो येतो की नाही, कुठे गेला, कधी निघाला, कशाचाच पत्ता नाही. मेव्हणे सतरंजीवर बसतात, खांद्यावरचा गमछा डोक्यावरून पदरासारखा घेतात, मी ओळ धरतो, आणि ते जागेवरून न हलता नुसत्या डोळ्यांनी, मानेनं, हातांनी ती वाट पाहतात. प्रत्येक वेळी वेगळी. गमछा डोक्यावर गेला की त्या मिशा कुठे जातात, कोण जाणे. मला लग्नापासून आजवर ते कळलेलं नाही आणि मी अगदी समोर बसलेला असतो.

ही ओळ त्यांच्या गुरूंनी त्यांना निघताना दिली आणि सांगितलं, 'बेटा, इसे किसी को देकर ही जाना.' तेव्हापासून मेव्हण्यांना एकच घोर. आपण जायच्या आधी ही ओळ कोणाच्या तरी अंगात उतरली पाहिजे. पायांचं काम पोरी पटापट उचलतात. घुंगरू बांधून खोलीतल्या धानाच्या पोत्यांवरची धूळ उडेपर्यंत नाचतात. पण वाट पाहायला बसवलं की कोणी खोकते, कोणी ओढणी चघळते, कोणी गालाला हात लावून कॅलेंडरवरच्या बाईसारखी बसते. मेव्हणे कपाळ बडवून घेत. 'हे वाट पाहणं होय का? दात दुखल्यासारखी बसली ते!' शेवटी त्यांनी एक उपाय काढला. असला उपाय सबंध हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या गुरूला सुचला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी सगळ्या पोरींना घेतलं आणि मोहाडीच्या एसटी स्टँडवर नेऊन बसवलं.

तेव्हापासून दर रविवारी वाट पाहण्याचा क्लास स्टँडवर भरतो. प्रत्येक पोरीला एकेक प्रवासी नेमून दिला जातो. नुसतं पाहायचं. गाडीत चढणाऱ्याची वाट वेगळी आणि उतरणाऱ्याला घ्यायला आलेल्याची वाट वेगळी, हे मला मेव्हण्यांमुळे कळलं. 'चढणारा दर घडीले आपल्या थैलीकडे पाहते,' ते सांगतात, 'आन् घ्याले आलेला थैली नसते तं हातात हात धरते. गाडी आली का मांगच्या खिडकीपासून पुढच्या खिडकीपर्यंत पाहत येते. मंग दाराकडे. आन् पोरीहो, गाडी पुरी खाली झाली, तरी ते पायरीकडे पाहून राहते. ते पाहा. तेच आपल्याले पाह्यजे.' तुमसरच्या गाडीला उभी असलेली नवी नवरी माहेरी चालली आहे की सासरी, हे ते तिच्या चपलेच्या टाचेवरून सांगत. बरोबर निघायचं की नाही ते मला माहीत नाही, कारण विचारायला कधी कोणी गेलं नाही.

गडबड व्हायची ती झालीच. पोरी अशा टक लावून पाहू लागल्यावर एका गृहस्थानं तक्रार केली, 'ह्या पोट्ट्या माह्याकडे काहून पाहून राहिल्या?' स्टँडवरचे कंट्रोलर साहेब तावातावानं बाहेर आले. मेव्हण्यांनी त्यांना बाकावर बसवलं आणि नायिका म्हणजे काय, ती वाट कशी पाहते, पहिल्या प्रहरात कशी, आशा सुटत चालल्यावर कशी, हे सगळं तिथल्या तिथं गमछा डोक्यावर घेऊन करून दाखवलं. नागपूरची गाडी लागली, सुटली, साहेबांनी नोंद केली नाही. त्यांचं कुटुंब तेव्हा रुसून माहेरी गेलं होतं, हे आम्हाला मागून कळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक साफ केलं आणि म्हणाले, 'गुरुजी, कोपऱ्यातला बाक तुमचा. तिथं पंखा बी आहे.'

मंडईचं तर विचारूच नका. आमच्याकडे दिवाळी झाली, धान कापून पुंजण्यांत रचलं, की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुपारी मैदानात दंडार, म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा आणि नाचगाण्याचा खेळ होतो, रात्री नाटक, आणि उकडलेल्या शिंगाड्यांच्या वासानं सगळं गाव भरून जातं. कोंढ्याच्या मंडईत कोणीतरी हौसेनं मेव्हण्यांना बोलावलं होतं. दंडार संपली आणि हे प्रचंड गृहस्थ स्टेजवर येऊन बसले, तशी मागून शिट्ट्या. 'ओ काका, लावणी लावा!' मेव्हण्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मला डोळ्यांनी खूण केली, मी ओळ धरली, त्यांनी गमछा घेतला. थोड्या वेळानं शिट्ट्या बंद झाल्या. आणखी थोड्या वेळानं पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, 'अवो बाई, येते तो! मळणीचे दिवस होय, माणसाले वेळ होते. तू असा जीव नोको जाळू!' ती बसते न बसते तोच मागून एक एसटी ड्रायव्हर ओरडला, 'पवनीची गाडी पंक्चर होऊन उभी आहे गा रस्त्यात! मी आत्ताच पाहून आलो. येईन, येईन तो!' मी पेटीवर हसू दाबत होतो. मेव्हण्यांनी मात्र मान वळवून त्या ड्रायव्हरकडे पाहिलं. त्या पाहण्यात एवढी आशा होती, की तो बिचारा डोळे पुसत खाली बसला. कार्यक्रम झाल्यावर म्हातारीनं स्टेजच्या मागे येऊन शिंगाड्याचा पुडा दिला आणि मिशा पाहून दचकली.

एवढं सगळं असून ती ओळ कोणाला येत नव्हती. तशी पुष्कळ पोरींना साधली, गावात टाळ्याही पडल्या, पण मेव्हणे मान हलवत. 'चांगलं नाटक केलं,' म्हणत, आणि हे त्यांचं शिव्या देणं. त्यांचा जीव एकीवरच होता, आणि ती माझी मुलगी. आमची सोनल. तिनं घुंगरू बांधले की मामा स्वतः तबल्यावर बसायचे आणि तिच्या पायांच्या मागे धावता धावता घामाघूम व्हायचे. विजेसारखी पोरगी. पण वाट पाहायला बसवली, की ओळ दुसऱ्यांदा फिरायच्या आत ती उठून उभी. 'मामा, ही बाई दारात बसून काय करून राहिली? चप्पल घालावी, बाहेर निघावं, पाहावं कुठे अडकला तो!' स्टँडवर नेली तर ज्या म्हातारीचं वाट पाहणं पाहायचं, तिलाच जाऊन विचारायची, 'आजी, कोणती गाडी पाह्यजे?' आणि तिची थैली उचलून तिला गाडीत बसवून यायची. मेव्हणे माझ्याकडे येऊन दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसत. 'जवाईबापू, ह्या पोरीजवळ सगळं आहे. वाट तेवढी नाही येत तिले. आन् ओळ मले तिलेच द्याची आहे.' मी म्हणायचो, नाही येत तर दुसरीला द्या. तर माझ्यावरच डोळे वटारायचे, जणू मी त्यांच्या बहिणीला घरातून काढून द्यायला निघालो आहे.

सोनल नागपूरला शिकली, हैद्राबादला नोकरीला लागली. दर मंडईला येते. आली की स्टेज हादरवून जाते, पोरं शिट्ट्या मारतात, आणि मामा विचारतात, 'वाट?' ती हसून म्हणते, 'पुढच्या खेपेले, मामा.' मग मेव्हणे स्वतःच सतरंजीवर बसतात. पण गेल्या काही दिवसांत त्यांच्या गुडघ्यांनी पार हात टेकले. बसलं तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्या देहाला लागणारी दोन माणसं म्हणजे काही कोणीही दोन माणसं नव्हेत. यंदा दिवाळीच्या आधी ते दुकानात आले, खताच्या गोणीवर टेकले आणि म्हणाले, 'अवंदा मी नाही बसत, जवाईबापू. सोनल बसन. नाही तं ओळच नाही होणार.' मी म्हटलं, दादा, तिला येत नाही असं तुम्हीच सांगता. तर त्यांनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, 'नाही येत तं नाही येत. पण माह्या डोळ्यांनं तिले एकदा त्या जागेवर बसलेली पाहू द्या. मंग गुरुजीले काय तोंड दाखवाचं ते माहं मी पाहून घेईन.' इतकं साधं बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्या दिवशी गिऱ्हाईकांशी धड बोलता आलं नाही.

सोनल आली. थोडी वाळली होती. आई म्हणाली तिकडचं जेवण. मी म्हटलं काम. फराळाचं ताट पुढे ठेवलं तर चिवड्यातले दाणे वेचत बसली. मामांनी भीत भीत विषय काढला तेव्हा 'पुढच्या खेपेले' म्हणाली नाही. 'बसते, मामा,' म्हणाली. मेव्हण्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी समेची वाट न पाहता तिला मिठीच मारली.

मंडईच्या दिवशी दुपारी दंडार आटोपली. मेव्हण्यांना खुर्चीवर बसवून स्टेजच्या कडेला ठेवलं होतं. सोनल सतरंजीवर येऊन बसली. मी पेटी उघडली आणि मनात म्हटलं, देवा, एवढी ओळ पोरीला बसून काढू दे, उठून नको जाऊ देऊ. मी सुरुवात केली. तिनं ओढणी डोक्यावर घेतली, सखीला सांगितलं, दार लावू नकोस. आणि मग ती दाराकडे पाहीच ना. मी वाट पाहतो आहे की आता पाहील, आता मान वळवेल. छे. ती बांगड्या सारखी करत होती, दिव्याची वात पुढे सारत होती, सखीशी काहीबाही बोलत होती, हसतसुद्धा होती. दार डावीकडे आहे हे सगळ्या मैदानाला कळत होतं, आणि ती डावीकडे सोडून सगळीकडे पाहत होती. मध्येच कसलीतरी चाहूल लागली. मान अर्धी वळली आणि तिथंच थांबली. मग तिनं स्वतःच हातानं आपला चेहरा धरून पुन्हा उजवीकडे केला. मैदानात शिंगाडे सोलणारे हात थांबले होते. कोणी 'येते तो' म्हणालं नाही. येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी ती सखीला दार लावू देत नव्हती.

मी मेव्हण्यांकडे पाहिलं. त्यांनी जन्मभर पोरींना रस्त्याकडे पाहायला शिकवलं होतं. खिडकीकडे, पायरीकडे, रिकाम्या गाडीकडे. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं यांना बरं नाही. ओळ संपली. टाळ्या पडायला जरा उशीरच झाला. मेव्हणे 'वाह' म्हणाले नाहीत. मांडवाच्या मागे पडद्याआड दोघांनी त्यांना धरून आणलं, मी पेटी तशीच उघडी टाकून मागे गेलो. त्यांनी सोनलला समोर बसवलं, त्या दोघांना बाहेर जायला सांगितलं आणि विचारलं, 'कोण होता, बाई?'

सोनल आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, 'होता एक, मामा. ऑफिसमधलाच. लग्न करायचं ठरलं होतं. घरच्यांना सांगून येतो म्हणून गावी गेला. मंग तुमच्याकडे येणार होतो आम्ही.'

'आन् नाही आला?'

'नाही.'

'तू तं चप्पल घालून निघणारी पोरगी. गेली काहून नाही पाहाले?'

'गेली होती, मामा. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. दारात मांडव टाकला होता. बँड लागला होता.' तिनं डोक्यावरची ओढणी खाली ओढली. 'परत आली. आता काय येणार तो? पण तरी वाट पाहते मी. रोज. मूर्खासारखी. म्हणून दाराकडे पाहत नाही. पाहिलं तर लाज वाटते स्वतःची.'

मी बाप. पोरीनं एवढं एकटीनं सोसलं आणि मला कळलं ते सगळ्या गावासोबत, पेटी वाजवता वाजवता. मेव्हण्यांनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडू लागला. 'मले हे नोको होतं, बाई. मले ओळ द्याची होती, हे नव्हतं द्याचं. तुले वाट नसती आली, तं काय बिघडलं असतं? नसती आली तेच चांगलं होतं, माय. तशीच उठून पळाची होती तू.' सोनलच त्यांची पाठ थोपटत होती. तिच्या आईला मी संध्याकाळी सांगितलं. ती उठली, आणि दिवाळीनंतर कोणी करत नाही त्या करंज्या तिनं पुन्हा करायला घेतल्या.

दोन दिवसांनी सोनल गेली. आता रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला मेव्हणे काठी टेकत येतात आणि आम्ही तिला फोन लावतो. खास बोलायचं काही नसतं. धान विकलं का, मामाचे गुडघे कसे आहेत, आईनं काय केलं. पण फोन ती पहिल्या घंटीलाच उचलते. घंटी पुरी वाजतसुद्धा नाही. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटायचं. मेव्हणे मात्र दरवेळी हिरमुसतात. 'फोन हातात घेऊनच बसलेली राहते ते,' म्हणाले. 'एखाद्या दिवशी तिनं उचलला नाही पाह्यजे, जवाईबापू. कुठे गेली पाह्यजे, कोणासंगं फिराले. आपला फोन वाजत राहिला पाह्यजे आन् तिले आयकू नाही गेला पाह्यजे.' ज्या माणसानं उभा जन्म पोरींना वाट पाहायला शिकवण्यात घालवला, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. मी उगाच कुलपाशी खटपट करत बसलो.

काल आम्ही फोन लावला. वाजला, वाजला, वाजून बंद झाला. मी घाबरून पुन्हा लावायला गेलो तर मेव्हण्यांनी माझा हात धरला. 'राहू द्या. पुन्हा नोका लावू.' मग आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. समोरून तुमसरची गाडी गेली, भंडाऱ्याची गेली. बऱ्याच वेळानं तिचाच फोन आला. मेव्हण्यांनी तो माझ्याकडून हिसकूनच घेतला. तिकडे मागे पोरापोरींचा नुसता गलका चालला होता. सोनल धापा टाकत सांगत होती, एवढ्या मोठ्यानं की मलाही ऐकू येत होतं, 'मामा, आज नाही बोलता येत! आम्ही सगळे जेवाले चाललो. खाली थांबले सगळे, माझीच वाट पाहून राहिले!'

'जाय, बाई, जाय,' मेव्हणे घाईघाईनं म्हणाले. 'कोणाले वाट पाहाले नोको लावू.'

तिनं फोन ठेवला. मेव्हण्यांनी तो बराच वेळ तसाच कानाशी धरून ठेवला होता.